म्होरच्या पातीची शिवम्मा

मंठाळच्या त्या मांडवात कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हंजे मागून कुणी म्हणायला नको की सोजराबाई मनानं जोडून सांगायली. मी होते. शिवम्मा होती. ढोलकीवर खैरूनबी होती. टाळ धरायला पारू होती, माझी चुलत जाऊ. आमी चौघी मुडबीच्या. नवरीची आई रुक्मीणबाई, ती मंठाळची. नवऱ्याची आई गौरम्मा, ती जनवाड्याची. आन मांडवभर माणसं, त्यातली निम्मी मोबाईल वर धरून उभारलेली. त्यांची नावं मला ठावं न्हाईत, पण त्यांच्यापायीच हे सांगायलेय. नात लिवून घ्यायलीय.

शिवम्मा आता न्हाई. तिचा जलम कुठला, लगीन कवा, ते सगळं मला सांगायचं न्हाई. लोकं सांगतात तिचं. तिचं सांगायला लोकांना लई गोड वाटतंय. मी माझ्यापुरतं सांगते.

माझा मालक हिरीच्या कामावर गेला. वरून दगड आला. थोरला पोरगा तवा दुसरीत होता, धाकटा पाळण्यात. घर दीराच्या नावावर, रान दीराच्या नावावर. मी खुरपं घेतलं आन दुसऱ्याच्या रानात जाऊ लागले. रडायला येळ नव्हता, म्हणून न्हाई रडले. पण गळा होता मला. खुरपायला बाया वळीनं बसतात, एकेकीला एकेक पात. पहिल्या पातीवरची बाई गाणं उचलती, बाकीच्या झेलतात, आन तिच्या चालीवर साऱ्यांचं खुरपं चालतं. ती पात माझी होती. मुकादम बी मला इचारून पाणी प्यायची सुट्टी द्यायचा. बाकी जगात माझ्या नावावर काय बी नव्हतं, ती पात तेवढी होती. कुणी लिवून दिली नव्हती, पण होती.

मग शिवम्मा आली.

मुडबीचीच सून ती, पण लगीन झाल्यावर नवऱ्यासंगं हैदराबादला बांधकामावर गेली, ती नवरा वारल्यावर परत आली. अर्धं वय तिकडंच गेलं. उंच, वाळकी, गळ्यात लिंग, कमरंला कापडाची पिशवी, त्यात सुंठ आन गूळ. पहिल्या दिवशी रानात आली ती सरळ पहिल्या पातीवर बसली. बसायच्या आधी पदरानं माती झाडली, जशी काय सतरंजीच हाय.

मी म्हणलं, "माय, ती जागा माझी हाय."

ती म्हणली, "हितं नाव कुठं लिवली हाय?"

बाया हसल्या. तिचं मराठी असंच होतं. घरात कन्नड, रस्त्यावर हैदराबादची बोली, आन मराठी येईल तसं. चहा झाली, गळा बसली, भाकरी जळला. लोकांना ते आवडायचं. शिवम्मा बोलली की लोकं जवळ सरकायचे. मी जलमभर नीट बोलत आले, माझ्या बोलण्याला कुणी हसलं न्हाई, आन जवळ बी सरकलं न्हाई.

आन गाण्यात? गाण्यात तिचं मराठी कवाच चुकलं न्हाई. एक अक्षर इकडचं तिकडं न्हाई. मी लई टपून बसायची.

आवाज तिचा बारीक आन धारंचा, नव्या इळ्यागत. माझा रुंद, रांजणात बोलल्यागत. त्या दिवशी ती गायली आन पहिल्यांदा बायांचं खुरपं माझ्या चालीवर न्हाई तर तिच्या चालीवर चाललं. माझं बी. हात ऐकंना, काय करू. सांजच्याला घरी आले आन भाकरी करताना तिचीच चाल तोंडात. तवा त्या दिवशी भाकरी खाल्ली न्हाई.

तिची सवय अशी, की पिशवीतली सुंठ साऱ्यांना वाटायची. "घे गे, गळा साफ होती." मला मातर द्यायची न्हाई. पारूनं इचारलं, "सोजरक्काला कामून न्हाई देत?" तर म्हणली, "तिची गळा साफ झाली तर माझी काय होईल?" हे तिनं माझ्या तोंडावर म्हणलं. आता ह्याला शिवी समजायचं का मान, ते मला इतक्या वर्सांत कळलं न्हाई.

दुसरी सवय, कशाला बी "आगली बिडु" म्हणायची. म्हंजे होऊ दे, सोड. पाऊस लांबला, आगली बिडु. मुकादमानं शिवी दिली, आगली बिडु. पोरगा हैदराबादहून फोन करंना, आगली बिडु. निस्तं पहिल्या पातीचं तेवढं तिनं कवा सोडलं न्हाई. एक दिस मी लवकर जायची, एक दिस ती. एकदा तर मी तांबडं फुटायच्या आधी गेले, तर बाई पातीवर बसून दात घासायली.

लग्नाची गाणी म्हणायला आमाला बोलावणं यायचं ते खैरूनबीमुळं. तिच्या ढोलकीला तोड नव्हती. तिची आई निकाहात ढोलक वाजवायची, तीच ढोलक हिच्याकडं. हळदीला, जेवणावळीला आमी बसायचो. इहिणीला टोमणे मारायची गाणी असतात ना, नवरीकडच्यांनी नवऱ्याच्या आईला हाणायची, तिकडच्यांनी हिकडं हाणायची, त्यात आमचं नाव होतं. तिथं बी तेच. म्होरं कोण गाणार. खैरूनबी म्हणायची, "एक म्यान में दो तलवारां लेको फिररईं मैं."

आमच्यात विड्याची रीत हाय. ज्याला गाणाऱ्या बाया पायजेत ते पानाचा विडा घेऊन येतात. विडा हातात घेतला की ते लगीन तुमचं. मग ताप येवो, मयत होवो, जावंच लागतं. परतवता येत न्हाई.

त्या वर्सी मी आन शिवम्मा बोलत नव्हतो. कशावरनं ते आता सांगून काय उपेग न्हाई. मंठाळहून रुक्मीणबाई आली, नवरीची आई. मी विडा घेतला. त्याच आठवड्यात जनवाड्याहून गौरम्मा आली, नवऱ्याची आई. शिवम्माचं माहेर जनवाडा, ती सरळ तिच्याच घरी गेली. तिनं बी विडा घेतला. लगीन एकच. आमी बोलत असतो तर कळलं असतं. दोघी बी खैरूनबीला म्हणलो, अमक्या दिवशी मंठाळला जायचंय. ती म्हणली, हौ. तिला वाटलं एकच बोलावणं.

मांडवात गेल्यावर उलगडा झाला. रुक्मीणबाई माझा हात धरून नवरीकडं ओढायली, गौरम्मा शिवम्माचा हात धरून नवऱ्याकडं. पारू मधी टाळ घेऊन उभी.

रुक्मीणबाई म्हणली, "आवो, ह्या एकाच गावच्या बाया, दोन्हीकडं कशा बसत्याल?"

गौरम्मा म्हणली, "आमी विडा दिलाय. परत घेत नसतो."

"आमी बी फुकट पान न्हाई दिलं."

मी शिवम्माकडं बघितलं. ती दुसरीकडं बघायली. मी पारूला म्हणलं, चल माझ्याकडं. पारू आली, जाऊच माझी. शिवम्मा एकटी पडली. मला बरं वाटलं. पण ढोलकी एकच. खैरूनबीनं काय केलं, ढोलकी उचलली आन मांडवाच्या बरोबर मधी, दोन्ही सतरंज्यांच्या मधल्या मातीवर जाऊन बसली. म्हणली, "मेरा विडा कोई नई दिया. मैं दोनों की."

मी उचललं:

इहीणबाई आली गं, पाय टाकी फुगून
ताटातला भात सरला, पातेलं बघी वाकून

मांडव हसला. गौरम्मा बी हसली, तिला हसावंच लागतं. शिवम्मानं पदरानं सतरंजी झाडली आन म्हणली:

मांडव घातला मंठाळात, वारा जाई आरपार
वरणात डाळ घावंना, पाण्याचीच धार

असं चार-पाच येळा हिकडून तिकडून झालं. इथवर लग्नाचं होतं. मग तिनं माझ्याकडं बघून, इहिणीकडं न्हाई, माझ्याकडं बघून म्हणलं:

म्होरची पात धरती गं, मागं राही गवत
गळा बसला तरी बाई, जागा न्हाई सोडत

पारूचा टाळ थांबला. लोकांना वाटलं हे बी इहिणीचंच. मला ठावं होतं कुणाचं हाय. माझ्या अंगाला आग लागल्यागत झालं. मी जोडत बसले न्हाई, तोंडात आपसूक आलं:

काल आली पाव्हणी गं, उंबऱ्यावर टेकली
टेकता टेकता बाईनं सारी ओसरी झाकली

आन त्याच्याच मागं, सूर उतरायच्या आत, मी हाणलं: "सरक गं बाई सरक, ही जागा माझी हाय." हे गाणं नव्हतं. मी रानात रोज म्हणायची तेच होतं. ती तिच्या भाषेत, त्याच चालीवर, माझं पुरं होऊ न देता म्हणली, "सरी अक्का सरी, ई जागा नंद अद." म्हंजे तेच. सरक अक्का सरक, ही जागा माझी.

मी परत म्हणलं. ती परत म्हणली. मी वर चढवलं, तिनं वर चढवलं. कुणीच सोडंना. खैरूनबीनं बघितलं की ह्या थांबत न्हाईत, तिनं चाल दुप्पट केली. मांडवातली पोरं उठून नाचायली. बाया टाळ्या वाजवायल्या. दोन्ही इहिणी एकमेकींना ढकलायल्या, सरक गं बाई सरक. आमचं दोघींचं एकमेकींच्या डोळ्यांत बघून चाललंय, आन डोळ्यांत काय होतं ते आमचं आमाला ठावं. कवा थांबलं, वर कोण गेलं, कुणी आधी सोडलं, ते न्हाई कळलं. लोकांनी आरडून आरडून आमाला गप केलं.

गाणं असं झालं. कुणी बसून केलं न्हाई.

त्याच्यानंतर जिथं जाऊ तिथं लोकं म्हणायचे, ते भांडणाचं म्हणा. मग आमाला समोरासमोर बसावं लागायचं. गाण्यात सरक सरक, आन गाणं सरलं की एकाच टमटममधी शेजारी बसून परत. बोलायचं न्हाई. खैरूनबी मधी.

एकदा मला ताप आला, मलेरिया. सून माहेरी होती. शिवम्मा सकाळच्याला आली, इचारलं न्हाई पाजारलं न्हाई, चूल पेटवली, अंबील केली, भांडी घासली. जाताना माझ्या उशाला सुंठ ठेवली. पहिल्यांदा. म्हणली, "उठ लवकर. रान ओसाड दिसती." मला रडायला आलं व्हय, खोटं कशाला बोलू. त्याच्यानंतर आमी बोलाय लागलो. चांगलं बोलाय लागलो. आन पुढच्या लग्नात बसलो तर गाणं उठंना. मी सरक म्हणते आन मला हसू येतंय. ती सरी म्हणती आन आवाज लोण्यागत. लोकं उठून जेवायला गेले. खैरूनबीनं ढोलकी बाजूला ठेवली, म्हणली, "तुम दोनों मिल गये तो मेरा ढोलक ठंडा पडगया गे. झगडो. कुछ बी करके झगडो."

दुसऱ्या लग्नाच्या दिवशी, मांडवात शिरताना, शिवम्मा माझ्या कानाजवळ आली. म्हणली, "तुझी सून माझ्याकडं आलती. म्हणली, आत्याचं गाणं जुनं झालं, मला तुमचं शिकवा."

मी पेटले. त्या दिवशी असं गायले की मांडवाचे बांबू हलले. घरी येऊन सुनंला इचारलं तर ती म्हणती, "मी कशाला जाऊ? मला गाणं येतंय का?" तवा कळलं. मग दर लग्नाच्या आधी ती काय तर सांगायचीच. कवा म्हणायची पाटलीणबाईनं निस्तं तिलाच लुगडं दिलं. कवा म्हणायची पारू म्हणती सोजरचा आवाज बसला. मला ठावं असायचं की खोटं हाय. तरी जळायची. ढोलकीची दोरी वढत्यात तसं ती मला वढायची. मला तिला असं वढता आलं न्हाई कवा. ती जळायचीच न्हाई. हेच तर सारं दुखणं होतं माझं.

मग ती पोरं आली. कलबुर्गीच्या कालेजातली. चौघं, त्यात एक केस कापलेली पोरगी, रेश्मा. इजेवरच्या गिटारी, हे मोठे मोठे ढोल. रॉक म्हणतात त्याला. मी तवा औरादला धाकट्या पोराकडं होते, डोळ्याचं आपरेशन केलतं. पोरांनी कुणाच्या तरी मोबाईलात आमचं गाणं ऐकलतं, हुडकत हुडकत मुडबीला आली. शिवम्माच्या घरी बसली, गाणं भरून घेतलं.

परत आले तर एका वरातीत गाणं वाजायलंय. पहिल्यांदा वळकलं न्हाई. ढोल असे की छातीत बसायले. मग "काल आली पाव्हणी गं" आलं. माझं कडवं. शिवम्माच्या आवाजात.

मी डोळ्याला हिरवी पट्टी तशीच, तिच्या दारात गेले. ती तूर निवडायली.

"माझं कामून गायलीस?"

"तू नव्हतीस."

"थांबायचं होतं."

"पोरांची गाडी थांबत नव्हती. तुझं सोडलं असतं तर गाणं लंगडी झाली असती."

"लंगडं राहू द्यायचं होतं. माझ्या जागंवर तू बसलीस. रानात बसलीस, मांडवात बसलीस, आता त्या मशनीत बी बसलीस."

ती तूर निवडायचं थांबली. पहिल्यांदा ती आगली बिडु म्हणली न्हाई. मी आले परत. बोलणं बंद. आता गाण्यापायी न्हाई, खरंच बंद. लग्नाला बी गेले न्हाई.

पुढं कलबुर्गीला त्या पोरांचा कार्यक्रम होता, कालेजात, दुपारचा. शिवम्माला बोलावलं, जीप धाडली. खैरूनबी मला म्हणली, चल. मी म्हणलं, तिला बघायला मी कशाला येऊ. ती म्हणली, "जलने को आ. घर में बैठको जल रई, वहां बैठको जल." मग गेले.

मोठ्ठा मंडप. पोरं खुर्च्यांवर उभी. स्टेजवर गिटारवाली पोरं, आन मधी सतरंजी, तिच्यावर शिवम्मा, मोरपंखी लुगड्यात. रेश्मानं माईकवर सांगितलं, आमच्यात बी दोघांचं पटत न्हाई, हा ढोलवाला आन मी, रोज भांडतो, म्हणून हे गाणं आमाला आमचं वाटलं. ढोलवाल्यानं तोंड वाकडं केलं. पोरं हसली. मला ते खरं वाटलं. ते एकमेकाकडं बघतच नव्हते.

गाणं सुरू झालं. शिवम्मा गायली, म्होरची पात धरती गं. काय सांगू, त्या ढोलांवर बी तिचा आवाज वर. मग माझं कडवं आलं. ती गप बसली. गिटारी वाजायल्या, चाल फिरून आली, ती गप. परत फिरून आली. रेश्मा तिच्याकडं बघायली, घाबरून. शिवम्मानं पदरानं सतरंजी झाडली, आन बसल्या जागंवरनं एका अंगाला सरकली. सतरंजी निम्मी मोकळी. मग माईकवर म्हणली, "सरकली बघ मी, सोजरी."

साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बघा तुमी. आयुष्यात पहिल्यांदा जागा सोडली, ती बी अशी की टाळ्या तिलाच.

खैरूनबी मला ढकलायली, जा. मी गेले न्हाई. गेले असते तर तिनं बोलावलं म्हणून गेले असं झालं असतं. मी होते तिथंच उभारले आन तोंड उघडलं. काल आली पाव्हणी गं. माईक न्हाई, काय न्हाई. त्या ढोलवाल्यानं माझ्याकडं बघितलं आन काड्या खाली ठेवल्या. माझा आवाज गेला वरपर्यंत, मी ऐकला. मग सरक गं बाई सरक आलं, आन ती बी सुरू झाली, आन आमी दोघी, ती स्टेजवर, मी खाली, गात राहिलो. कोण वर गेलं ते तिथं बी न्हाई कळलं. तिच्याकडं माईक होता. ते धरू नये.

येताना जीपमधी तिनं खिडकी धरली. मी म्हणलं, सरक. ती म्हणली, "एकदा सरकली की. रोज रोज कुठं सरकू." कमलापूरच्या पुढं ती झोपली आन तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. जड होतं. वाळकी बाई, पण डोकं जड. खांदा अवघडला माझा. पण मुडबी फाट्यापर्यंत मी सरकले न्हाई.

फाट्यावर उठली, तोंड पुसलं, म्हणली, "तुझी खांदा निस्तं हाड झाली. मान धरली माझी." पिशवीतनं सुंठ काढली, माझ्या हातात दिली आन तिच्या गल्लीकडं गेली. दिवस बुडायलता. मोरपंखी लुगडं कोपऱ्यावर वळताना दिसलं तेवढं.

त्याच आठवड्यात ती रानात, पातीवर बसल्या बसल्या गेली. पहिल्या पातीवर. मी त्या दिवशी गेले नव्हते.

आता पहिली पात मोकळी हाय. बाया म्हणतात, सोजरक्का, बसा. मी दुसरीवर बसते.

गाणं वाजतंय अजून, वरातीत, टमटममधी. त्यात दोन्हीकडं तीच हाय. माझा आवाज कुठंच न्हाई. म्हणून मागणं हाय. मंठाळच्या त्या लग्नात ज्यांनी मोबाईल धरले होते, त्यातलं कुणी हे वाचत असंल, आन तुमच्याकडं ते अजून असंल, तर मुडबीला येऊन मला एकदा ऐकवा. चहा करते. चित्र नको, डोळ्याला दिसत न्हाई नीट. निस्ता आवाज ऐकवा. तिथं कुणाकडंच माईक नव्हता. शेवटच्या सरक-सरकला वर कोण गेलतं, ती का मी, तेवढं मला ऐकायचंय.